दोन रोधकांमधली वाहक सीमा : इलेक्ट्रॉन आले कुठून?

स्ट्रॉन्शियम टायटनेट हा एरवी विद्युतरोधक स्फटिक; पण त्यात जादा इलेक्ट्रॉन घालून तो खूप थंड केला की अतिवाहक होतो, म्हणजे त्यातून वीज विनारोध वाहते, हे १९६४ पासून माहीत आहे. १९९० च्या दशकात त्याच्या स्फटिकाचा पृष्ठभाग आम्लाने धुऊन त्यावर फक्त टायटॅनियम-ऑक्सिजनचा थर उघडा ठेवण्याची पद्धत बसली. पुढचं सगळं त्या स्वच्छ पृष्ठभागावर उभं आहे.

२००४ मध्ये त्यावर लॅन्थॅनम अ‍ॅल्युमिनेटचा पातळ थर चढवला गेला. दोन्ही पदार्थ पक्के विद्युतरोधक, तरी त्यांच्या सीमेवरून वीज वाहिली. स्पष्टीकरण लगेच पुढे आलं. लॅन्थॅनम अ‍ॅल्युमिनेटचे अणुथर आळीपाळीने धन आणि ऋण असतात, तर खालच्या पदार्थाचे उदासीन. थर वाढेल तसा विद्युतदाब साठत जातो. तो उतरवायला प्रत्येक युनिट सेलमागे (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकामागे) अर्धा इलेक्ट्रॉन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ३३० लाख कोटी इलेक्ट्रॉन, सीमेकडे यायला हवेत.

वाद पेटला तो याच आकड्यावरून. सुरुवातीच्या काही नमुन्यांत वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन, त्याच्या शेकडो पट सापडले. एवढे इलेक्ट्रॉन सीमेवर मावणारच नाहीत. हे थर लेझरच्या झोतांनी चढवतात. त्या वेळी भोवती ऑक्सिजन कमी असेल तर खालच्या स्फटिकातून ऑक्सिजनचे अणू निघून जातात आणि प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो. २००८ मध्ये नमुन्याचा उभा छेद घेऊन सूक्ष्म सुईने चाचपलं, तेव्हा अशा नमुन्यात वहन शेकडो मायक्रॉन खोल पसरलेलं दिसलं. ऑक्सिजनमध्ये तापवून काढलेल्या नमुन्यात ते काही नॅनोमीटरांवर आलं. पण अशा नमुन्यांत वाहक मोजले, तर ते अपेक्षेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरतात. म्हणजे साठलेला विद्युतदाब आणि निघालेला ऑक्सिजन, दोन्ही बाजूंचा हिशेब अपुरा.

तरी ध्रुवीय, म्हणजे आळीपाळीने धन-ऋण असणाऱ्या, थरांचा युक्तिवाद मोडीत काढणं अन्यायाचं होईल. तीन युनिट सेलपर्यंत सीमा रोधक राहते आणि चौथा चढला की वाहक होते, हे २००६ मध्ये दिसलं. केवळ लेझरच्या माऱ्याने ऑक्सिजन निघाला असता, तर असा नेमका उंबरठा दिसला नसता. पुढे वरच्या थरात स्ट्रॉन्शियम टायटनेट मिसळून त्याची ध्रुवीयता निम्मी केली, तेव्हा उंबरठाही वर सरकला. अस्फटिक, म्हणजे अणूंची नियमित मांडणी नसलेल्या, थराखालीही वहन मिळतं, हे खरं. पण ऑक्सिजनमध्ये तापवल्यावर ते नाहीसं होतं आणि स्फटिकी थराखालचं टिकतं. पटण्याजोगी वाटते ती मधली मांडणी : ऑक्सिजन सुटतो वरच्या थराच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून, त्याला सुटायला लावतो तो साठलेला विद्युतदाब, आणि सुटे इलेक्ट्रॉन खाली सीमेवर उतरतात.

सीमेवरची अतिवाहकता २००७ मध्ये, सुमारे ०.२ केल्विनला सापडली. चुंबकत्वाच्या खुणाही त्याच वर्षी नोंदवल्या गेल्या. त्यांवरचं भांडण वेगळं आहे. २०२१ मध्ये पोटॅशियम टँटलेट या तशाच दुसऱ्या रोधकाच्या सीमेवर अतिवाहकता जवळपास २ केल्विनपर्यंत गेली. थर चढवताना ऑक्सिजनचा दाब किती होता आणि नंतर नमुना तापवला का, हे तिथेही आधी विचारावं लागतं.