सोर्स कंपॅटिबल आणि बायनरी कंपॅटिबल: दोन वेगळी वचनं

लायब्ररीची (इतर प्रोग्रामनी वापरायच्या तयार कोडची) नवी आवृत्ती ‘बॅकवर्ड कंपॅटिबल’, म्हणजे जुन्याशी जुळणारी, आहे असं सांगितलं, तरी एक प्रश्न उरतोच: जुना कोड नव्याने कंपाइल होईल (चालवता येणाऱ्या फाइलीत बदलेल), की आधीच कंपाइल झालेली फाइल जशीच्या तशी चालेल? पहिली सोर्स कंपॅटिबिलिटी, दुसरी बायनरी. एक पाळली म्हणजे दुसरी आपोआप पाळली जात नाही.

समजा, हर्णै बंदरावर मासळीच्या व्यापाऱ्याची बिलं करणारा जावा प्रोग्राम आहे. हिशेबाच्या लायब्ररीत ‘रक्कम’ नावाची मेथड (नावाने बोलवायचा कोडचा तुकडा) आहे, ती वजन इंट, म्हणजे पूर्णांक, म्हणून घेते. सुरमई काट्यावर साडेतीन किलो भरली की पंचाईत, म्हणून इंटचं डबल (दशांश चालणारा प्रकार) केलं. दापोलीतल्या लॅपटॉपवर सगळा कोड बिनतक्रार कंपाइल झाला, कारण इंटचं डबल कंपायलर स्वतःच करून घेतो. टेस्टही पास. बंदरावर रेंज जेमतेम, म्हणून फक्त लायब्ररीची जार (कंपाइल झालेल्या फाइलींचं गाठोडं) पाठवली. पहिल्याच बिलाला नो-सच-मेथड-एरर, म्हणजे ‘अशी मेथडच नाही’!

क्लास फाइलमध्ये (कंपाइल झालेल्या जावा फाइलमध्ये) मेथडचं नुसतं नाव नसतं, पॅरामीटरचे (ती घेते त्या मूल्यांचे) आणि रिटर्नचा (ती परत देते त्या मूल्याचा) टाइपही नोंदलेले असतात. बंदरावरची जुनी फाइल इंट घेणारी ‘रक्कम’ शोधते, आणि ती आता उरलेलीच नाही. रूपांतर कंपायलरचं काम, चालत्या प्रोग्रामचं नव्हे. उपाय सोपा: जुनी इंटवाली मेथड तशीच ठेवायची आणि तिने आतून नवीला बोलवायचं. व्हॉइडच्या (काहीच परत न देण्याच्या) जागी काही रिटर्न करायला लागलात, तरी हाच अपघात होतो.

उलटंही घडतं. २००४ साली जावा ५ मध्ये ‘इनम’ हा कीवर्ड (भाषेने स्वतःसाठी राखलेला शब्द) झाला. त्या नावाचे व्हेरिएबल असलेला कोड नव्या नियमांनी कंपाइल होईना, पण जुन्या क्लास फाइली चालत राहिल्या. इंटरफेसमध्ये (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या त्या यादीत) नवी अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे आत कोड नसलेली, मेथड घातली तरी तसंच: जुना क्लास लोड होतो, ती मेथड कुणी बोलवेपर्यंत चालतोही, पण पुन्हा कंपाइल करायला गेलं की अडतो. २०१४ च्या जावा ८ मधल्या डिफॉल्ट मेथड (ज्यांचा कोड इंटरफेसमध्येच असतो) याच अडचणीतून आल्या.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती स्टॅटिक फायनल स्थिरांकाची (कोडमध्ये कायम म्हणून लिहिलेल्या आकड्याची). दलालीचा टक्का लायब्ररीत असा लिहिला असेल, तर कंपाइल होताना तो आकडा वापरणाऱ्याच्या क्लास फाइलमध्ये उतरतो. लायब्ररीत टक्का कमी करून जार पाठवा, एरर काहीच येणार नाही आणि बिलं जुन्याच दराने निघत राहतील. कोळणीच्या हातात कमी पैसे पडतील आणि कारण कुणालाच कळणार नाही. बदलू शकणारा आकडा मेथडमधूनच द्यावा, यावर माझ्याकडून तडजोड नाही. जावाच्या अधिकृत भाषा-तपशिलातलं १३ वं प्रकरण पूर्ण बायनरी कंपॅटिबिलिटीवरच आहे, लायब्ररी लिहिणाऱ्याने ते वाचायलाच हवं.

गो या प्रोग्रामिंग भाषेने २०१२ साली गो १ बरोबर सोर्सपुरतंच वचन दिलं, आणि तिथे ते पुरतं, कारण प्रोग्राम बहुधा सगळा एकत्रच बिल्ड होतो. आपल्याकडेही पूर्ण प्रोग्राम बदलायचा असेल, तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत बदलावा. १ ऑगस्टला होड्या सुटल्या की बंदरावर फक्त बायनरी कंपॅटिबल जारच पाठवावी.