बड्या तंत्रज्ञान कंपन्यांचे नियमन

बड्या तंत्रज्ञान कंपन्यांचे नियमन : शोधयंत्रे, समाजमाध्यमे, ॲप-स्टोअर अशा सेवांवर पकड असलेल्या कंपन्यांवर स्पर्धा आणि खासगीपणा या दोन अंगांनी ठेवले जाणारे शासकीय नियंत्रण.

आरंभाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १८९० पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी अमेरिकेत मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा झाला. वॉरन व ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरील लेखही त्याच वर्षीचा. हा योगायोग लक्षवेधी खरा. पण पुढे दोन्ही विचार शतकभर वेगळ्या वाटांनी गेले. मायक्रोसॉफ्टवरील मक्तेदारीच्या १९९८ च्या खटल्यातही खासगीपणाचा मुद्दा नव्हता. दोहोंची सांगड २०१९ च्या जर्मन निर्णयाने घातली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

इतर संकेतस्थळांवरची, तसेच व्हॉट्सॲप व इन्स्टाग्रामवरची माहिती फेसबुक ही कंपनी वापरकर्त्याच्या खात्याशी जोडत असे. वेगळ्या संमतीवाचून असे जोडणे हा बाजारातील प्रभुत्वाचा गैरवापर होय, असे जर्मनीच्या स्पर्धा प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरवले. खरा वाद अधिकारक्षेत्राचा होता : विदासंरक्षणाची (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाची) यंत्रणा स्वतंत्र असताना स्पर्धा प्राधिकरणाने त्यात पडावे काय? ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने निर्णयाला स्थगिती दिली. सर्वोच्च संघीय न्यायालयाने २०२० मध्ये ती उठवली. अखेर ४ जुलै २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने स्पर्धा प्राधिकरणाला तशी मुभा दिली, मात्र विदासंरक्षण यंत्रणेशी सहकार्याची अट घातली.

उलट बाजूही आहे. ॲपलच्या फोनवर इतरांच्या ॲपना वापरकर्त्याचा माग काढण्यासाठी विशिष्ट चौकटीतून परवानगी मागावी लागते. तेथे नकार एकदाच द्यावा लागे, होकार मात्र दोनदा. उद्देशाला हरकत न घेता, अंमलबजावणीच्या या तऱ्हेसाठी फ्रान्सच्या प्राधिकरणाने मार्च २०२५ मध्ये १५ कोटी युरो दंड केला. खासगीपणाची ढाल प्रभुत्वासाठीही वापरली जाते, या आक्षेपाला त्यामुळे बळ मिळाले.

युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्याने गुन्हा घडण्याची वाट न पाहता आधीच बंधने घातली. संघात महिन्याला किमान ४.५ कोटी वापरकर्ते आणि ७.५ अब्ज युरो वार्षिक उलाढाल किंवा ७५ अब्ज युरो बाजारमूल्य, हे तो कोणत्या कंपन्यांना लागू होतो याचे ढोबळ निकष; दंडाची कमाल मर्यादा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, पुनरावृत्ती झाल्यास २० टक्के.

भारतात स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या खासगीपणाविषयक धोरणावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला (फेसबुक व व्हॉट्सॲपची मालक कंपनी) २१३.१४ कोटी रुपये दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेले. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.