शाळा कोणाची? ‘पॉइंट ब्लँक’ आणि ‘द रिक्रूट’

अँथनी होरोविट्झ यांची ‘पॉइंट ब्लँक’ (२००१) आणि रॉबर्ट मचमोर यांची ‘द रिक्रूट’ (२००४) या ब्रिटिश हेरकथांची वाचकांच्या मनात गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोन्हींचा नायक शाळकरी वयाचा व पोरका आहे आणि दोन्हींमध्ये जगापासून तुटलेली एक निवासी शाळा आहे. मात्र पहिलीतील शाळा शत्रूची आहे, तर दुसरीतील शाळा ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेचाच एक विभाग आहे. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

‘पॉइंट ब्लँक’मधील शाळा फ्रेंच आल्प्समधील एका कड्यावर आहे. धनाढ्य घरांतील बिघडलेली मुले तेथे पाठवली जातात आणि सुतासारखी सरळ होऊन परततात. चौदा वर्षांचा अॅलेक्स रायडर ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेसाठी सुपरमार्केटच्या एका बड्या मालकाचा मुलगा म्हणून तेथे शिरतो. त्याच्याशी मैत्री झालेला, शाळेला वैतागलेला मुलगा एके दिवशी अचानक आज्ञाधारक होतो, तेव्हा त्याचा संशय बळावतो. पुढे त्याला कळते की वरचे मजले म्हणजे खालच्या खोल्यांची हुबेहूब नक्कल आहे आणि तेथे प्रत्येक मुलाचा तोतया बसून पडद्यावर त्याच्या लकबी न्याहाळत, गिरवत आहे. हे तोतये म्हणजे संचालक डॉ. ग्रीफ यांचे स्वतःचेच क्लोन असून शस्त्रक्रियेने त्यांना त्या मुलांचे चेहरे दिलेले आहेत. कल्पना अचाट खरी, पण शिस्तीच्या नावाखाली मूलच बदलून टाकणारी शाळा ही भीती माझ्या मते पुस्तकातील सगळ्या पाठलागांपेक्षा अधिक अंगावर येते.

‘द रिक्रूट’मध्ये शाळेविषयी असे रहस्य नाही. आई वारल्यावर अनाथालयात आलेल्या जेम्सला ‘चेरब’ ही संस्था निवडते. लहान मुलांवर कोणी हेर म्हणून संशय घेत नाही, हाच तिचा आधार. येथे उत्कंठा आहे ती टिकून राहण्याची: पाण्याला घाबरणाऱ्या जेम्सला आधी पोहणे शिकावे लागते, मग १०० दिवसांचे निर्दय प्रशिक्षण, आणि ते मध्येच सोडल्यास पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. टी-शर्टचा रंग दर्जा सांगतो. प्रशिक्षणात निळा, उत्तीर्ण झाल्यावर करडा. प्रत्यक्ष मोहीम बरीच उशिरा येते, आणि खरे तर प्रशिक्षणाचीच प्रकरणे अधिक रंगली आहेत.

संमतीचा प्रश्नही दोन्हींत वेगळा आहे. अमली पदार्थ विकणाऱ्यांची नाव क्रेनने उचलल्यामुळे अडचणीत सापडलेल्या अॅलेक्सला सुटकेच्या बदल्यात कामगिरीवर धाडले जाते, म्हणजे त्याची अडवणूकच होते. चेरबच्या मुलांना मात्र कोणतीही मोहीम नाकारण्याचा हक्क आहे. मुलांना या कामात ओढावेच का, हा प्रश्न त्याने मिटत नाही, एवढेच.

‘द रिक्रूट’ हा ‘चेरब’ मालिकेचा पहिलाच भाग असल्याने तेथून सुरुवात करावी. ‘पॉइंट ब्लँक’ हा अॅलेक्स रायडर मालिकेचा दुसरा भाग असला तरी स्वतंत्रपणे वाचता येतो.