मेलेल्या भुंग्यांचा संसार

भुंग्यांची झुंज कॅमेऱ्यात पकडायची, एवढंच व्लादिस्लाव स्तारेविचच्या मनात होतं. साल १९१०. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या, आजच्या लिथुआनियातल्या कौनास शहरात तो निसर्गविज्ञानाचं संग्रहालय सांभाळत होता. त्याला हवे होते हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेले भुंगे. मादीसाठी नर याच जबड्यांनी एकमेकांना उचलून आपटतात. पण हे जीव दिवेलागणीनंतर बाहेर पडणारे. चित्रीकरणाचे प्रखर दिवे लागले की झुंज राहायची बाजूला, भुंगे जागीच थिजायचे.

फ्रान्सच्या एमिल कोलने १९०८ मध्ये आगकाड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. (पुढे आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही ‘आगकाड्यांची मौज’ केली.) काडी जराशी हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. मग मेलेला भुंगा का नाही चालणार?

चालतो, कारण कीटकाचा सांगाडा अंगाबाहेर असतो. कायटिन नावाच्या कठीण पदार्थाचं हे कवच आतलं सगळं सुकलं तरी आकार सोडत नाही. अडचण सांध्यांची. तिथला पातळ पडदा वाळून ठिसूळ होतो आणि वाकवायला गेलं की पाय तुटतो. म्हणून स्तारेविचने पाय काढून तारा घेतल्या आणि लाखेने धडाला चिकटवल्या. आता भुंगा हवा तसा वाकू लागला.

१९१२ मध्ये मॉस्कोत त्याने ‘कॅमेरामनचा सूड’ केला. भुंगेराव शहरात जाऊन नाचणाऱ्या एका चतुर मादीच्या (चतुर म्हणजे लांब पंखांचा कीटक) नादी लागतात. तिच्यावरच जीव असलेला नाकतोडा सायकलवरून पाठलाग करतो, हॉटेलच्या खोलीबाहेर तिकाटणं मांडतो आणि किल्लीच्या भोकातून सगळं चित्रित करतो. इकडे घरी भुंगेबाई एका चित्रकारासोबत! नवरा तिच्यावर भडकतो, मग मोठ्या मनाने माफ करून तिला सिनेमाला नेतो. तिथे सिनेमा दाखवायच्या यंत्रावर बसलेला असतो तोच नाकतोडा.

सुमारे १२ मिनिटांचा हा चित्रपट. सेकंदाला १६ चित्रं धरली तरी साडेअकरा हजार भरतात. आणि प्रत्येक चित्रासाठी तारेचा पाय केसभर सरकवायचा! हे इतकं जिवंत वाटलं, की काही प्रेक्षकांनी कीटक शिकवून तयार केले असावेत असंच मानलं. मला तर ते साहजिक वाटतं. भुंग्याच्या चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, तरी पडद्यावर स्वतःचंच लफडं पाहून बायकोच्या छत्रीचा मार खाणारा तो नवरा लगेच ओळखीचा वाटतो. मार चुकवायला तो पडदा फाडून पळतो, नाकतोड्यावर तुटून पडतो, यंत्राला आग लागते. शेवटी नवरा-बायको दोघंही एकाच कोठडीत.