ओल्या वाळूतले रंगीत शिंपले

आंबा घाट उतरून रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर गेलेली कोल्हापूरची पोरं येताना खिसे भरून शिंपले आणतात. जांभळ्या, पिवळट, गुलाबी पट्ट्यांचे, एका बाजूला आखूड नि पाचरीसारखे उतरते शिंपले त्यात दिसले, तर ते बहुधा डोनॅक्स या प्रजातीचे. हे नाव स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस यानं १७५८ साली दिलं.

जिवंत डोनॅक्स बघायचा तर लाट मागं सरते त्या चकचकीत ओल्या पट्ट्यात दोन-तीन इंच उकरा. सापडलेला शिंपला तिथंच ओल्या वाळूवर ठेवा नि हात काढून घ्या. जरा वेळानं फट उघडते, चपटा पांढरा पाय बाहेर येऊन वाळूत शिरतो. मग पायात रक्त भरतं, त्याचं टोक फुगतं नि होडीच्या नांगरासारखं रुतून बसतं. शिंपल्याचे दोन्ही भाग मिटतात तसं आतलं पाणी जोरानं बाहेर पडून भोवतालची वाळू सैल होते. त्याच वेळी पायाचे स्नायू आखडतात नि अख्खा जीव खाली ओढला जातो. असे चार-सहा हिसके, की वर खूणसुद्धा उरत नाही. कोरड्या वाळूत मात्र त्याचं काही चालत नाही, कारण तिथले कण सैल करायला पाणीच नसतं.

लांब टोक खाली, आखूड टोक वर, अशी त्याची बैठक. वरच्या टोकातून दोन नळ्या निघतात, एक पाणी आत घेणारी, दुसरी सोडणारी. आत घेणारीच्या तोंडाशी बारीक धाग्यांची जाळी असते, ती वाळू अडवते. कल्ले प्राणवायू घेतात नि सूक्ष्म शेवाळ गाळतात. भरती-ओहोटीबरोबर लाटांचा पट्टा सरकतो तसे काही जातींचे शिंपले वाळूतून वर येतात, लाटेवर वाहत जातात नि पुन्हा रुततात.

म्हणूनच जिवंत शिंपले पिशवीतून घरी आणू नका. कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, नळाचं गोडं पाणी त्यांना सोसत नाही, आणि घाट चढेपर्यंत पिशवीला वास सुटतो. रिकामेच उचला. एखाद्यावर गोल, आत निमुळतं होत गेलेलं भोक दिसेल. ते बहुधा चंद्रगोगलगाय या समुद्री गोगलगायीनं पाडलेलं असतं. त्यातून ती आतलं मांस खाते. पोरं त्याच भोकात दोरा ओवतात.

धुताना लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, कवच चुन्याचं असल्यानं फसफसून झिजतं. साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं घासा आणि सावलीत वाळवा. उन्हानं जांभळा रंग विटतो.