नाण्याएवढ्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत

पाठ दुखू लागली की गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत पहिला उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे शेक आणि खोबरेल तेलाचे मालीश. बहुतेक दुखणी त्यावर थांबतातही. परंतु आडवे झाल्यावर वाढणारे, मध्यरात्री उठवून बसवणारे आणि पुढे पायांत मुंग्या आणणारे दुखणे तेलावर ढकलत राहू नये, कारण त्यामागे क्वचित का होईना, मज्जारज्जूलगतची गाठ असू शकते. श्वानोमा आणि मेनिंजिओमा या तिथल्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. तरीही मणक्यांच्या अरुंद पोकळीत त्या वाढल्या की मज्जारज्जू चेपला जातो.

१८८७ साली लंडनमध्ये सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी अशी गाठ काढली, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला ८ वर्षे होती. केवळ लक्षणांवरून जागा ठरवली होती. तिथे काहीच सापडेना, म्हणून आणखी वरचे हाड काढावे लागले, तेव्हा कुठे गाठ दिसली.

आज गाठीची जागा एमआरआय आधीच दाखवतो. त्वचेवर लहान छेद घेऊन, वाढत्या जाडीच्या नळ्या एकीवरून एक सरकवत स्नायूंचे तंतू बाजूला सारले जातात आणि शेवटी रुपयाच्या नाण्याएवढ्या तोंडाची नळी हाडावर टेकते. मणक्याला घट्ट बसवलेल्या चौकटीवरचे चकाकते गोळे इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो, शस्त्रक्रियागृहातच सीटी स्कॅन होतो आणि हत्याराचे टोक कुठे आहे ते पडद्यावर दिसू लागते.

मात्र हे चित्र स्कॅनच्या क्षणाचे असते. कोपराचा धक्का लागून चौकट जराशी हलली, तरी पडदा पूर्वीच्याच ठामपणे चुकीची जागा दाखवत राहतो. मांडवीच्या मुखाशी वाळू सरकते, म्हणून तिथला जाणता तांडेल नकाशा जवळ असूनही खोली मोजून पाहतो. तसेच सर्जनही ओळखीच्या हाडाला मधूनमधून टोक टेकवून पडद्याची पारख करतात. शिवाय सीटी मुख्यतः हाड दाखवतो; मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या आतली मऊ गाठ मज्जातंतूंपासून सोडवायची ती सूक्ष्मदर्शकाखालीच. अनेक मणक्यांवर पसरलेल्या गाठीसाठी मोठा छेदच बरा, असे माझे मत आहे.

खरा कस लागतो तो शेवटी. इतक्या अरुंद नळीतून, लांब दांड्याच्या हत्यारांनी ते आवरण असे शिवायचे की मज्जारज्जूभोवतीचे पाणी झिरपता कामा नये. शिवण झाल्यावर भूलतज्ज्ञ रुग्णाच्या छातीतला दाब क्षणभर वाढवतात. तरीही थेंब आला नाही, तर नळी हळूच बाहेर निघते आणि सारलेला स्नायू तिच्यामागे आपसूक मिटतो.