छताच्या पंख्याची संथ चाल

घरातला मिक्सर दोन-तीनदा दुरुस्तीला जातो आणि त्याच घरातला छताचा पंखा मात्र वीस-वीस वर्षे फिरत राहतो, यात कारागिरीपेक्षा मोटरच्या जातीचा वाटा मोठा आहे.

विजेवरच्या छतपंख्याचे श्रेय सामान्यतः फिलिप डील यांना दिले जाते. मूळचे जर्मन असलेले हे अभियंते अमेरिकेत सिंगर कंपनीच्या शिवणयंत्रांच्या मोटरींवर काम करीत होते, आणि 1880 च्या दशकात त्यांनी तशीच एक मोटर छताला टांगून तिला पाती जोडली. त्या काळच्या मोटरींत फिरत्या भागाला वीज पोचवण्यासाठी ब्रश, म्हणजे कार्बनचे छोटे ठोकळे, सतत घासत असत. ते झिजत, ठिणग्या उडत आणि खरखर ऐकू येई. (मिक्सरची मोटर आजही बहुधा ब्रशचीच असते, म्हणूनच तिचा तो कर्कश आवाज.)

1888 मध्ये इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फिरत्या चुंबकक्षेत्रावर चालणारी मोटर मांडली. पाठोपाठ मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी तिला पिंजऱ्यासारखा रोटर (फिरता भाग) दिला, ज्याला बाहेरून एकही तार जोडावी लागत नाही. आपल्याकडचा नेहमीचा पंखा उघडला की हीच रचना उलटी करून बसवलेली दिसते: तांब्याची वाइंडिंग (तारेची वेटोळी) मधल्या स्थिर दांड्यावर, तर ॲल्युमिनियमचा पिंजरा बाहेरच्या फिरत्या कवचात. वर-खाली दोन बॉल बेअरिंग सोडल्या, तर आत कशाला कसलेच घर्षण नाही.

संथपणा येतो तो वाइंडिंगच्या मांडणीतून. 50 हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांचे चुंबकक्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेते, तर 14 ध्रुवांचे सुमारे 428; पाती त्याहून थोडी मागे राहतात, म्हणजे गिअर किंवा पट्टा न लावताच वेग साडेतीनशेच्या आसपास येतो. वेग दुप्पट झाला तर त्याच पंख्याच्या वाऱ्याचा आवाज ढोबळमानाने 15 डेसिबलने वाढतो, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे मोल कळते. कमी फेऱ्यांमुळे बेअरिंगमधले ग्रीसही टिकते.

तरीही काही पंखे घुमतात, आणि दोष पुष्कळदा भिंतीवरच्या रेग्युलेटरचा असतो. जुना तारेच्या वेटोळ्यांचा रेग्युलेटर विटेएवढा असे आणि वीज तापण्यात घालवी, पण विजेची लहर मोडत नसे. त्यानंतरचा गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लहरीचे तुकडे पाडतो, त्यामुळे कमी वेगावर पंखा ‘घूंऽऽ’ करू लागतो. टप्प्याटप्प्याच्या कपॅसिटर (कंडेन्सर) रेग्युलेटरने ही तक्रार बरीच मिटवली.

पंख्यात लवकर थकतो तो कंडेन्सर. त्याची क्षमता वर्षागणिक घटते आणि पंखा ‘हळू झाला’ अशी तक्रार येते. इलेक्ट्रिशियन अडीच मायक्रोफॅरडचा नवा बसवून दहा मिनिटांत मोकळा होतो.

भारतात 2023 च्या जानेवारीपासून छतपंख्यांना वीजबचत दाखवणारे स्टार लेबल सक्तीचे झाले, आणि सुमारे 75 वॉटच्या जागी तिसेक वॉट घेणारे बीएलडीसी (ब्रशविना डीसी मोटरीचे) पंखे घरोघरी दिसू लागले. त्यांनाही ब्रश नाहीत, बेअरिंगही तशाच आहेत; मात्र जुन्या पंख्यात नसलेला इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्यांत आला आहे, आणि व्होल्टेजचा झटका आधी त्यालाच बसतो.